मुलं पळवणारे कोण? युरोपातले रोमा, ट्रॅव्हलर आणि आपल्या माळावरची पालं

सुमेधा_यॉर्कशर (धागाकर्ती)

ऑक्टोबर २०१३. ग्रीसमधल्या फारसाला गावाजवळच्या रोमा (ज्यांना जिप्सी म्हणतात) वस्तीत पोलीस झडतीला गेले, तेव्हा त्यांना तिथे एक सोनेरी केसांची लहान मुलगी दिसली. घरातली माणसं सावळी आणि मुलगी गोरी, म्हणजे ती पळवून आणलेली, असं लगेच ठरलं. तिचा फोटो जगभर फिरला. ज्यांची मुलं हरवली होती असे कितीतरी आईबाप आशेनं चौकशी करू लागले. डीएनए तपासणीत कळलं की ते जोडपं तिचे जन्मदाते नाहीत, पण जन्मदाती आईसुद्धा रोमाच आहे. ती बल्गेरियातली होती आणि गरिबीमुळे तिनं लेक मागे ठेवली होती. २०१५ साली ग्रीक न्यायालयानं त्या जोडप्याला अपहरणाच्या आरोपातून मुक्त केलं.

ही बातमी गाजत होती त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये पोलिसांनी दोन रोमा घरांतून दोन मुलं उचलली, टाला इथली सात वर्षांची मुलगी आणि अ‍ॅथलोनचा दोन वर्षांचा मुलगा. कारण तेच, मुलं गोरी होती. दोघंही त्यांच्याच आईबापांची निघाली. पुढच्या वर्षी तिथल्या बालहक्क लोकपालांचा अहवाल आला आणि सरकारला त्या कुटुंबांची माफी मागावी लागली.

रोमा आणि इतर फिरत्या समाजांबद्दल इथे इंग्लंडमध्ये शंभर गोष्टी बोलल्या जातात. त्यातली ही एकच मी या धाग्यासाठी घेतली आहे, कारण मला तीच सगळ्यात घातक वाटते. चोर म्हटलं तर लोक दाराला कुलूप लावतात. ‘मुलं पळवणारे’ म्हटलं की हातात काठ्या घेतात. मे २००८ मध्ये नेपल्सच्या पोंटिचेल्ली भागात एका रोमा मुलीनं घरात शिरून बाळ उचलायचा प्रयत्न केला असा आरोप झाला, आणि जमावानं सगळ्या छावण्या पेटवल्या. शेकडो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. मार्च २०१९ मध्ये पॅरिसच्या उपनगरांत ‘पांढऱ्या व्हॅनमधून मुलं नेतात’ हा निरोप मोबाइलवर फिरला. बोबिन्यी आणि क्लिशी-सू-ब्वामध्ये रोमांवर हल्ले झाले. असं एकही अपहरण घडलेलं नाही, हे पोलिसांना जाहीरपणे सांगावं लागलं.

इटलीत व्हेरोना विद्यापीठासाठी एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८६ ते २००७ या काळातली, रोमांवर मूल पळवल्याचा आरोप झालेली चाळीस प्रकरणं तपासली. त्यांत एकाही प्रकरणात मूल खरोखर पळवून नेलेलं आढळलं नाही.

याची दुसरी बाजू मला इथे येईपर्यंत माहीत नव्हती. युरोपात मुलं खरोखर पळवली गेली आहेत, पण ती रोमांची आणि फिरस्त्यांची, आणि पळवणारे सरकारी शिक्क्यानिशी आले होते. १७७३ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा हिनं हुकूम काढला की रोमांची पाच वर्षांवरची मुलं काढून घेऊन शेतकऱ्यांच्या घरी वाढवावीत. स्वित्झर्लंडमध्ये १९२६ पासून १९७३ पर्यंत एका प्रतिष्ठित बालकल्याण संस्थेनं येनिश या फिरत्या समाजाची सुमारे सहाशे मुलं आईबापांपासून तोडली. ती अनाथाश्रमांत, वेड्यांच्या इस्पितळांत, शेतावर राबायला पाठवली. भटकेपण रक्तातूनच उपटून काढायचं हा उघड हेतू होता. १९७२ मध्ये एका नियतकालिकानं हे चव्हाट्यावर आणलं, तेव्हा कुठे ते थांबलं. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली आणि २०२५ मध्ये स्विस सरकारनं मान्य केलं की हा मानवतेविरुद्धचा गुन्हा होता.

हे मराठीत का लिहावंसं वाटलं? माझ्या ओळखीतली आपलीच माणसं इथल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर ‘कॅराव्हॅनवाले (घरासारख्या गाड्यांतून फिरणारे) आलेत, मुलांना बागेत एकटं सोडू नका’ असे निरोप पुढे ढकलतात म्हणून. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना मारलं, ते आपल्याला ठाऊक आहे म्हणून.

तुमचे अनुभव, माहिती, विरोधी मत, सगळं लिहा.

केदार प.

चांगला विषय, पण थोडं उलट बोलतो. रोमच्या मेट्रोत माझ्या बायकोची पर्स गेली. पाच-सहा मुलींनी घेरलं, हातात पुठ्ठा, आणि दाराची घंटा वाजेपर्यंत पर्स गायब. पोलीस चौकीत आमच्यासारखे आणखी चार जण बसले होते. हे मी वाचलेलं नाही, माझ्यासमोर घडलंय. मूल पळवण्याची अफवा खोटी असेल, मान्य. पण लोकांच्या मनात भीती काही हवेतून येत नाही ना? प्रत्येक वेळी ‘समाजाचा पूर्वग्रह’ म्हटलं की ज्याचं पाकीट गेलं त्यानं काय करायचं?

सुमेधा_यॉर्कशर

केदार, पर्स गेली ते वाईटच झालं, आणि ज्यांनी चोरी केली त्यांना पकडावं. यात वाद नाही.

पण इटलीनं पुढे काय केलं ते पाहा. २००८ मध्येच सरकारनं रोमांच्या वस्त्यांबाबत ‘भटक्यांची आणीबाणी’ जाहीर केली आणि छावण्यांत जाऊन माणसांच्या बोटांचे ठसे घेतले, मुलांचेसुद्धा. ज्यांनी कुणाचं काही चोरलं नाही त्यांचेही. यातले कित्येक इटलीतच जन्मलेले होते. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ती आणीबाणीच बेकायदा ठरवली. तुमच्या पर्सचा तपास एका माणसाचा असतो. ठसे घेतले गेले सगळ्या जातीचे. मला आक्षेप आहे तो इथे.

शिवाय युरोपात रोमा एक कोटीच्या आसपास आहेत आणि त्यातले बहुसंख्य भटकत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहतात. कुणी बसचालक आहे, कुणी नर्स, कुणी शिक्षिका. ते ‘दिसत’ नाहीत, कारण कित्येक जण कामावर आपली जात सांगतच नाहीत. मेट्रोतल्या पाच मुली दिसतात आणि त्याच सगळ्यांच्या वतीनं लक्षात राहतात.

मास्तर_मंगळवेढा

ताई, राईनपाड्याचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. मी आमच्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तिथे मारले गेलेले पाच जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, आमच्या सोलापूर जिल्ह्याकडचे. हा समाज डौर वाजवत, भैरवनाथाची गाणी म्हणत भिक्षा मागतो. आमच्याकडे पाऊस बेभरवशाचा, जमीन असली तरी नावाला, म्हणून बिऱ्हाडं घेऊन खानदेश, विदर्भ, पार गुजरातपर्यंत जातात. ठरलेली गावं असतात, ठरलेली घरं असतात. वडील ज्या दारात उभे राहिले त्याच दारात मुलगा उभा राहतो.

त्या दिवशी रविवारचा आठवडी बाजार होता. एका लहान मुलीशी बोलताना कुणीतरी पाहिलं म्हणे. जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारलं. त्याचं चित्रीकरण झालं आणि ते आमच्या गावापर्यंत मोबाइलवर आलं. घरच्यांनी पाहिलं. मी याहून जास्त लिहू शकत नाही.

तेव्हा फिरत असलेल्या व्हिडिओत मोटारसायकलवरून मूल उचलून नेतात असं दृश्य होतं. ते मूळ पाकिस्तानात, कराचीत, मुलांच्या सुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेलं होतं. शेवटी मूल परत आणून देतात आणि पाटी दाखवतात. ते शेवटचं कापून आपल्याकडे फिरवलं गेलं. त्या उन्हाळ्यात देशभरात अशा अफवांनी किती माणसं गेली!

शाळेत मी पालकांना एक गोष्ट बंद करायला सांगतो. ‘नीट जेव, नाहीतर झोळीवाला घेऊन जाईल.’ आपण सगळे हे ऐकत मोठे झालो. ज्या मुलानं वयाच्या दुसऱ्या वर्षापासून ऐकलंय की झोळीवाला मुलं नेतो, त्याला पुढे व्हिडिओ खरा वाटायला कितीसा वेळ लागणार? आणि माझ्या वर्गात त्या झोळीवाल्याचं पोर पहिल्या बाकावर बसलेलं असतं. ते पण ऐकतं.

ऋता_ल

मास्तर, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. माझ्या माहेरी ‘पोत्यात घालून नेईल’ असं म्हणत. मी माझ्या मुलीला कधी म्हटलं नाही, पण आजी म्हणते. आता बोलेन.

भाषाप्रेमी

अवांतर वाटेल, पण लिहितो. रोमांची मुळं भारतातली आहेत हे त्यांच्या भाषेवरून कळलं. १७८२ मध्ये रुडिगर या जर्मन अभ्यासकानं ते मांडलं. कान, नाक, पाणी, माणूस, काळा हे त्यांचे शब्द मराठी माणसाला शिकवावे लागत नाहीत. एक ते सहा आपले, आणि सात, आठ, नऊ ग्रीक, कारण वाटेत ग्रीक मुलखात त्यांचा दीर्घ मुक्काम झाला. जनुकीय अभ्यासही वायव्य भारताकडे बोट दाखवतात, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीकडे. १९७१ मध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली. तिथल्या झेंड्यावर निळ्या-हिरव्या पट्ट्यांवर लाल चक्र आहे, सोळा आऱ्यांचं. ती परिषद ८ एप्रिलला सुरू झाली, म्हणून ८ एप्रिल हा त्यांचा जागतिक दिवस.

म्हणजे हे आपलेच लोक आहेत. भारत सरकारनं त्यांना आपलं म्हटलं पाहिजे.

सुमेधा_यॉर्कशर

माहितीबद्दल आभार. शेवटच्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. हजार वर्षं जे युरोपात राहिले त्यांना ‘हे मूळचे भारतीय’ म्हणणं हे तिथल्या वंशवाद्यांच्याही सोयीचं आहे. ‘जा मग तिकडे’ म्हणायला ते टपलेलेच आहेत. आणि आयरिश ट्रॅव्हलर या फिरत्या समाजाचं काय? त्यांचा भारताशी संबंध नाही. ते आयर्लंडचेच, जनुकीय अभ्यासानुसार साधारण साडेतीनशे वर्षांपूर्वी बाकीच्या आयरिश लोकांपासून वेगळे झालेले. त्यांच्या वाट्यालाही तेच शिव्याशाप आले. मार्च २०१७ मध्ये आयर्लंडनं त्यांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली. २०१० च्या आरोग्य पाहणीत ट्रॅव्हलर पुरुषांचं आयुर्मान बाकीच्यांपेक्षा पंधरा वर्षांनी कमी निघालं होतं, आत्महत्यांचं प्रमाण सहा पट. तिथे रक्ताचं नातं शोधायची गरज नाही.

तुरकाठी

बरेच दिवस हे संस्थळ वाचतो, लिहितो क्वचित. आज लिहितो.

मी कैकाडी. आजोबा तुरकाठ्यांच्या पाट्या, कणगी विणायचे. त्यांचा जन्म सोलापूरच्या सेटलमेंटमधला. तरुण मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. अख्खी जात जन्मतः गुन्हेगार. तारेच्या कुंपणात वस्ती, सकाळ-संध्याकाळ हजेरी, बाहेर जायला पास. गिरणीत कामाला नेत आणि परत आणून मोजत. सुमेधाताईंनी स्वित्झर्लंडचं लिहिलं. या कायद्यातही मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत ठेवायची तरतूद होती. १८९७ च्या दुरुस्तीत तर चार वर्षांपासूनच्या मुलांसाठी. तेव्हा मुलं कोण पळवत होतं, या प्रश्नाचं उत्तर सोलापुरातही तेच आहे.

देश स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४७ ला. आमची माणसं त्या कायद्यातून सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून आम्ही ३१ ऑगस्टला विमुक्त दिन करतो. त्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या वह्यांतली नावं बहुतेक तीच राहिली.

केदार, तुम्ही विचारलंत की भीती हवेतून येते का. मी सांगतो कुठून येते. आजोबांना रोज दोनदा मोजलं जात होतं. आजूबाजूचं सगळं शहर ते पाहत होतं. ज्या माणसांना सरकार दिवसातून दोनदा मोजतं, ती चांगली असतील असं कुठल्या शेजाऱ्याला वाटेल? तीन पिढ्या हे चाललं. मग माझ्या वेळी शिक्षणासाठी शहरात खोली शोधायला गेलो, तर आडनाव ऐकून घरमालकीण म्हणाल्या, ‘मुलगा चांगला दिसतो हो, पण आमच्याकडे दागिने असतात.’ माझ्याकडे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं पत्र होतं. ते त्यांनी वाचलं होतं.

दाखल्याचंही लिहितो. विमुक्त-भटक्यांना जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा महाराष्ट्रातल्या रहिवासाचा पुरावा लागतो. जो माणूस पालात राहत होता, ज्याला गावात तीन दिवसांवर थांबू देत नव्हते, त्याच्या आजोबांचा १९६१ चा रहिवासाचा कागद कुठून आणायचा? आमचं बरं म्हणायचं, सेटलमेंटच्या नोंदी होत्या. म्हणजे ज्या वहीत आजोबांना गुन्हेगार म्हणून लिहिलं, तीच वही नातवाच्या शिष्यवृत्तीला उपयोगी पडली. वैदू, मसणजोगी, डोंबारी यांच्याकडे ती वहीसुद्धा नसते.

आणि आमच्यातच बघा. विदर्भातल्या काही जिल्ह्यांतला कैकाडी अनुसूचित जातीत, बाकीच्या महाराष्ट्रातला विमुक्त जातीत. सख्ख्या मामा-भाच्यांचे दाखले वेगळे. हे क्षेत्रीय बंधन उठवा म्हणून आमची माणसं किती वर्षं निवेदनं देताहेत. विमुक्त-भटक्यांसाठीच्या रेणके आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, त्यानंतर इदाते आयोगाचा आला. दोन्ही अध्यक्ष महाराष्ट्रातले. दोन्ही अहवाल देशभर फिरून केलेले. वाचा कधीतरी.

केदार प.

तुरकाठी, तुमच्याबरोबर झालं ते चुकीचंच. तुमच्यासारखे शिकलेले लोक वेगळे, एवढंच माझं म्हणणं होतं.

तुरकाठी

नाही केदार, हेच मला मान्य नाही. मी वेगळा नाही. माझा चुलतभाऊ अजून पाट्या विकतो, तोही चोर नाही. मला ‘वेगळा’ म्हटलंत की त्याच्यावरचा शिक्का तसाच राहतो.

हेमंत_म्युनिक

तुरकाठी यांनी वहीचा विषय काढला म्हणून इथलं सांगतो. मी राहतो त्या म्युनिकमध्ये १८९९ साली पोलिसांनी जिप्सींची माहिती ठेवणारं खास कार्यालय उघडलं. गुन्हा केलेला असो वा नसो, नाव, ठसे, वंशावळ, फोटो. १९०५ मध्ये त्याचं पुस्तकच छापलं, हजारो माणसांच्या नोंदी असलेलं. नाझी सत्तेवर आले तेव्हा त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही, यादी तयार होती. २ आणि ३ ऑगस्ट १९४४ च्या मधल्या रात्री ऑश्विट्झ-बिर्केनाऊमधल्या जिप्सी कुटुंब छावणीतल्या उरलेल्या सुमारे ४,३०० जणांना, बहुतांश बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांना, विषारी वायूच्या कोठड्यांत मारलं. एकूण किती रोमा आणि सिंती (जर्मन मुलखातला त्यांचाच एक गट) मारले गेले याचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आहेत.

युद्धानंतरचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. वाचलेले लोक भरपाई मागायला गेले तर १९५६ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की १९४३ च्या आधीची कारवाई वांशिक नव्हती, ती गुन्हे रोखण्यासाठी होती. म्हणजे छळ सोसला आणि वर गुन्हेगारही ठरले. त्यांचा वंशसंहार झाला हे जर्मन सरकारनं मान्य केलं १९८२ मध्ये, चॅन्सेलर श्मिट यांच्या काळात. बर्लिनचं स्मारक २०१२ चं. तोपर्यंत किती जण उरले होते?

म्हणून ‘नुसती नोंद ठेवली तर काय बिघडलं’ असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही.

निशा_केंट

धाग्यातलं बरंच पटलं. पण सुमेधा, एक प्रामाणिक प्रश्न. आमच्या इथे दरवर्षी मैदानावर कॅराव्हॅन येतात, आठवडाभर राहतात आणि जाताना कचऱ्याचे ढीग. मुलांचं फुटबॉल बंद. पालिका आमच्या करातून साफ करते. यावर बोललं की लगेच वंशवादी ठरतो. त्यांनी कायमच्या जागेवर का राहू नये?

सुमेधा_यॉर्कशर

निशा, कचऱ्याबद्दल चिडणं वंशवाद नाही. जागेचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण हा इतिहास इथल्या शेजाऱ्यांनाही माहीत नसतो.

सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘इजिप्शियन’ (जिप्सींना तेव्हा असं म्हणत) म्हणून देशात राहणं हाच गुन्हा होता. १५५४ च्या कायद्यात महिन्याहून जास्त राहिल्यास मृत्युदंड. पुढची शतकं ते शेतीच्या कामावर जगले. तुमच्या केंटमध्येच हॉप्स (बिअरमध्ये घालायची फुलं) आणि फळांच्या तोडणीला शेतकरी त्यांना बोलवत, शेताच्या कडेला उतरू देत. यंत्रं आली, ते काम गेलं, मोकळ्या जागांवर कुंपणं आली. १९६८ च्या कायद्यानं पालिकांवर त्यांच्यासाठी जागा देण्याचं बंधन घातलं, आणि बऱ्याच जागा झाल्याही. १९९४ मध्ये ते बंधन काढून टाकलं. सरकार म्हणालं, स्वतः जमीन घ्या आणि परवानगी काढा. त्यांनी जमिनी घेतल्या, पण परवानगीचे अर्ज मोठ्या प्रमाणावर नाकारले गेले. एसेक्समधल्या डेल फार्मवर ट्रॅव्हलरांनी जागा विकत घेतलेली होती. बांधकामाची परवानगी नव्हती म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये पोलीस घेऊन ऐंशीच्या आसपास कुटुंबांना उठवलं. २०२२ मध्ये परवानगीशिवाय कुणाच्या जागेवर गाडी लावून राहणं, त्यातून मोठं नुकसान किंवा त्रास होत असेल आणि सांगूनही हटलं नाही तर, फौजदारी गुन्हा केलं आणि राहतं घर, म्हणजे कॅराव्हॅन, जप्त करायचा अधिकार पोलिसांना दिला. मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्यातला काही भाग मानवी हक्कांशी विसंगत ठरवला, कारण थांबायला अधिकृत जागाच पुरेशा नाहीत.

तर ‘कायमच्या जागेवर का राहत नाहीत’ हा प्रश्न आधी पालिकेला विचारा. तुमच्या पालिकेच्या हद्दीत तात्पुरत्या मुक्कामाच्या अधिकृत जागा किती आहेत? तिथे कचराकुंडी, नळ, संडास आहे का? मी आमच्या नगरसेवकांना हेच लिहून विचारलं. ज्या पालिका उतरलेल्या कुटुंबांशी बोलून मुक्कामाच्या तारखा ठरवतात, कचऱ्याच्या पिशव्या आणि फिरते संडास देतात, तिथे भांडण कमी होतं आणि खर्चही वाचतो. लीड्समध्ये हे गेली अनेक वर्षं चालू आहे.

बाकी लोकांचं मत म्हणशील तर २०२२ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाची एक पाहणी आली. ब्रिटनमधल्या जवळपास ४५ टक्के लोकांनी जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलरांबद्दल आपलं मत वाईट असल्याचं सांगितलं, मुसलमानांबद्दल सुमारे २६ टक्क्यांनी. सांगितलं, म्हणजे लपवावंसंही वाटलं नाही. दुसऱ्या कुठल्या समाजाबद्दल असं उघड बोलायला लोक दहा वेळा विचार करतील. आपण इथे बाहेरून आलेली माणसं. आपल्याबद्दल असं बोललं गेलं की आपल्याला किती लागतं, हे आपल्या ग्रुपवर कुणाला सांगायला नको.

निशा_केंट

केंटच्या तोडणीचं खरंच माहीत नव्हतं. पालिकेला विचारते. मैदान मुलांना मोकळं मिळायला हवं हे मत कायम आहे.

सुमेधा_यॉर्कशर

ते असायलाच हवं.

अ‍ॅड_विशाखा

कायद्यातली एक ताजी गोष्ट इथे नोंदवून ठेवते. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातीभेदाबद्दल महत्त्वाचा निकाल दिला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांची याचिका होती. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत ‘भटक्या’ किंवा ‘गुन्हेगार’ जमाती असे उल्लेख २०२४ पर्यंत शिल्लक होते आणि त्यावरून कैद्याला कुठलं काम द्यायचं ते ठरत होतं. न्यायालयानं त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी घ्या, असंही पोलिसांना बजावलं.

गावात कुठे चोरी झाली आणि पोलीस सरळ पारध्यांच्या पालावर गेले, तर त्या निकालाची प्रत दाखवता येते. मी दाखवली आहे.

केदार प.

विशाखा, निकाल वाचेन. माझा मुद्दा अजूनही तोच आहे, गुन्हा झाला तर जातीकडे न बघता कारवाई व्हावी, सूट नको.

तुरकाठी

केदार, सूट आम्ही कधीच मागितली नाही. ‘जातीकडे न बघता’ एवढंच मागतोय, १८७१ पासून.

ऋता_ल

मला एक व्यावहारिक गोष्ट विचारायची आहे. आमच्या पुण्याच्या सोसायटीमागे मोकळ्या जागेत दिवाळीनंतर घिसाड्यांची सात-आठ पालं आली आहेत. भाता, ऐरण, सगळं तिथेच. कोयते-विळ्यांना धार लावून देतात. काल ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘संशयित लोक, मुलांना सांभाळा, वॉचमनला सांगून हाकलून द्या.’ मी या धाग्याचा दुवा तिथे टाकला, त्यावर कुणी काही बोललं नाही. तिथे शाळेच्या वयाची पाच-सहा मुलं आहेत, दिवसभर पालाशी असतात. मी काय करू शकते? मास्तर, जवळच्या शाळेत त्यांना घेतील का? कागदपत्रं काहीच नसणार.

मास्तर_मंगळवेढा

घेतलंच पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणूनही अडवता येत नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे असेल तर शाळेनं जादा शिकवायचं. मुख्याध्यापक ‘आधार आणा’ म्हणाले तर नम्रपणे सांगा की आधी नाव घाला, आधार नंतर काढू. तरी अडले तर गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाला लेखी द्या. तोंडी नको. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

पण त्याआधी पालावर जा. एकट्या जाऊ नका, मुलीला बरोबर न्या. आधी विळीला धार लावून घ्या, पैसे द्या, घरची माणसं किती दिवस राहणार ते विचारा. मुलांना शाळेत घालायचं का हे त्यांच्या आईला विचारा, तिच्या वतीनं ठरवू नका. कामात हात लागतो म्हणून ती आधी नाही म्हणेल. दुसऱ्यांदा जा. बिऱ्हाड जानेवारीत हलणार असेल तर शाळेतून निघताना मुलांच्या हजेरीचा आणि प्रवेशाचा लेखी कागद घ्या, म्हणजे पुढच्या गावात नाव घालायला सोपं जातं. आमच्या पोरांना आम्ही तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देतो, पावसात भिजतो म्हणून.

ग्रुपवर निरोप टाकणाऱ्या माणसालाही बरोबर नेता आलं तर पाहा.

ऋता_ल

मुलीची शाळा शनिवारी अर्धा दिवस असते. त्यानंतर जाते. ते गृहस्थ आमच्याच मजल्यावर राहतात, त्यांना विचारते.